पाळीआधी गोड खावंसं वाटतं तेव्हा
पाळी जवळ आली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन्स उतरतात आणि पुष्कळजणींना गोडाची ओढ लागते. ती दाबून उपाशी राहू नका गं, मग रात्री कुंद्याचा अख्खा डबा संपतो! बेळगावचा कुंदा म्हणजे आटवलेलं दूध नि साखर. त्याऐवजी जेवणानंतर गोकाकच्या करदंटाची, म्हणजे गूळ नि सुक्या मेव्याच्या मिठाईची, एक लहान वडी सावकाश चावून खा. गूळही शेवटी साखरच, पण सोबतच्या सुक्या मेव्यामुळे ती रक्तात जरा हळू चढते, पोटालाही आधार राहतो. खारट हवं असेल तर भडंगापेक्षा बिनमिठाचे शेंगदाणे, फुटाणे बरे. जास्त मिठाने अंग आणखी फुगल्यासारखं वाटतं. पेरू तर केव्हाही चालतो. मधुमेह असेल, तर करदंटही डॉक्टरांना विचारूनच.