नुसती विमानं मोजू नका: एअरलिफ्टच्या हिशेबात या चुका टाळा

एअरलिफ्ट, म्हणजे सैन्य आणि सामान विमानांनी नेणं. अशा रीतीनं एक ब्रिगेड, म्हणजे काही हजार सैनिकांचं दळ, परदेशात किती दिवसांत पोहोचेल? बहुतेक जण एकूण टनांना विमानाच्या क्षमतेनं भागतात, मग ताफ्यातल्या विमानांच्या संख्येनं भागतात. उत्तर झकास येतं आणि जवळजवळ नेहमीच चुकतं.

आधी माहितीपत्रकातला आकडा बाजूला ठेवा. अमेरिकेचं सी-17 हे मोठं मालवाहू विमान जास्तीत जास्त 77 टन उचलतं हे खरं, पण ट्रक, हेलिकॉप्टर असलं सामान चढवलं की वजन भरायच्या आत जागा संपते. पल्ला लांब असला की इंधनासाठी माल कमी करावा लागतो. म्हणून अमेरिकी हवाई दलाचे नियोजक दर फेरीला सरासरी 40 टनांच्या आसपासच धरतात.

सगळ्यात महागात पडते ती उतरण्याच्या जागेची चूक. 1999 मध्ये अमेरिकेनं 24 अपाचे हेलिकॉप्टरांचं दळ अल्बानियात पाठवलं. तिरानाजवळच्या रिनास विमानतळावर पार्किंग तोकडं, कडेला चिखल, आणि कोसोवोच्या निर्वासितांसाठी मदत आणणारी विमानंही तिथंच उतरत होती. अशा ठिकाणी हिशेब एप्रनपासूनच, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेपासूनच, सुरू करायला हवा. समजा, एका वेळी 4 विमानं उभी राहतात आणि माल उतरवून निघायला प्रत्येकाला 3 तास लागतात. दिवसाला 32 फेऱ्या झाल्या, म्हणजे फेरीला 40 टनांनी 1,280 टन. मागे आणखी 100 विमानं उभी केलीत तरी त्यात एक टनही वाढत नाही. उलट माल उतरवणारा लोडर बंद पडून 3 तासांचे 4 झाले की 32 च्या 24 फेऱ्या होतात! त्यामुळे माल उतरवणारी माणसं आणि यंत्रं पहिल्याच विमानांतून पाठवा, लढाऊ तुकड्यांनी कितीही घाई केली तरी.

परतीचा रिकामा प्रवास आणि वैमानिकांची विश्रांती हिशेबात धरायची राहून जाते, तीही धरा.

‘विमानात बसतं’ या शब्दावर विसंबू नका. अमेरिकेची स्ट्रायकर ही चिलखती गाडी सी-130 या लहान मालवाहू विमानात बसावी अशी अटच होती. पण इराकमध्ये रॉकेटपासून बचावासाठी भोवती जाळीचं चिलखत लावलं आणि ती त्यात मावेना. मोजमाप लढाईच्या साजासकट घ्या.

एवढं करूनही आकडा जमत नसेल, तर रणगाडे यादीतून काढून बंदराकडे वळवा. सी-17 मध्ये अब्राम्स हा अमेरिकी रणगाडा एकच मावतो. 1990 मध्ये अमेरिकेनं हेच केलं: 82 व्या एअरबोर्न (छत्रीधारी) डिव्हिजनचे सैनिक विमानांनी सौदी अरेबियात उतरले. 24 व्या इन्फंट्री डिव्हिजनचे रणगाडे मात्र अमेरिकेतल्या सव्हाना बंदरातून जहाजांनी गेले.