चिठ्ठी आणि रिपोर्टमधले सोपे वाटणारे शब्द: या चुका टाळा

पुण्यात सिंहगड रोडला एका मेडिकलमध्ये मी १४ वर्षं काउंटरला आहे, फार्मसी केलंय, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणं हे रोजचंच काम. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, लोकांची गडबड अवघड शब्दांनी होत नाही. कोलेसिस्टेक्टमी असलं काही लिहिलेलं दिसलं की माणूस थांबतो, डॉक्टरांना विचारतो, नाहीतर आम्हाला तरी विचारतो. घोळ होतो तो सोप्या वाटणाऱ्या शब्दांनी, कारण तिथे कुणी थांबतच नाही.

गेल्या महिन्यात धायरीच्या एक काकू व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या कॅप्सूल मागायला आल्या. मी म्हटलं, अहो काकू सोमवारीच तर ४ ची स्ट्रिप नेलीत, महिन्याची आहे ती. तर म्हणाल्या, "संपल्या की गं, रोज रात्री दुधाबरोबर घेतली." चिठ्ठीवर 'वीकली' म्हणजे आठवड्यातून एकदा असं लिहिलं होतं आणि काकूंनी ते वाचलंही होतं, पण वीकनेसची गोळी असं समजून. ४ दिवसांत तसं काही बिघडलं नाही, तरी मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. पण हेच दोन-तीन महिने रोज चाललं असतं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, पुढे किडनीला त्रास, इथपर्यंत जातं. व्हिटॅमिन जास्त झालं तर लघवीतून निघून जाईल असं लोक धरून चालतात, पण डी तसं जात नाही, ते शरीरातल्या चरबीत साठतं.

याहून भीती वाटते ती मेथोट्रेक्सेटची. आमवातासाठी म्हणजे सांधे सुजतात त्या आजारासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, आणि सोबत फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी किंवा बाकीच्या दिवशी. दोन्ही गोळ्या बारक्या, बऱ्याचदा पिवळ्या, त्यात घरात वयस्कर माणूस, म्हणजे अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी भराभर कमी होतात आणि जीवावर बेततं. म्हणून मी स्ट्रिपवरच पेनाने वार लिहून देते, 'फक्त रविवार', आणि घेऊन जाणाऱ्याकडून एकदा म्हणवून घेते. तुमच्या घरात कुणाची ही गोळी चालू असेल तर आज जाऊन बघा स्ट्रिपवर वार लिहिलाय का.

दिवसातून किती वेळा

ओडी म्हणजे एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस म्हणजे रात्री झोपताना. ही लॅटिन शब्दांची अक्षरं आहेत. (डोळ्यांच्या कागदावर मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा, तिथे फसू नका.) टीडीएसची गंमत अशी की लोक नाश्त्याला एक, जेवताना एक आणि ५ च्या चहाला एक घेऊन मोकळे होतात आणि मग सकाळपर्यंत पोटात काहीच नाही. अँटिबायोटिकला हे चालत नाही, साधारण ८-८ तासांचं अंतर लागतं, सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११ असं धरलं तर झोपमोडही होत नाही.

एसओएसबद्दल दोन्ही बाजूंनी चुका. काही जण ते इमर्जन्सीचं एसओएस समजतात, म्हणून १०२ ताप असला तरी "अजून एवढं सिरीयस नाही" म्हणत गोळी घेतच नाहीत, आणि काही जण ती रोज तीनदा घेत राहतात. अर्थ एवढाच आहे की गरज वाटली तर घ्या. पण मग लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, दिवसात जास्तीत जास्त किती आणि दोन गोळ्यांत किती तास? कारण क्रोसिन आणि डोलो दोन्हीत पॅरासिटामॉलच असतं, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही असतं, तीन नावांनी एकच औषध पोटात जातं आणि मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर गेलं की लिव्हरला धोका असतो. वजन कमी असेल, दारू असेल, लिव्हर आधीच नाजूक असेल तर मर्यादा आणखी खाली.

आर, तिरकी रेघ, ओ

हे मी आमच्याच घरात बघितलंय. माझ्या आत्याला तीन आठवडे खोकला होता, डॉक्टरांनी एक्सरे आणि बेडका तपासायला सांगितला आणि कागदावर लिहिलं 'आर/ओ कॉक्स'. कॉक्स म्हणजे टीबी, ज्यांनी टीबीचा जंतू शोधून १८८२ साली जाहीर केला त्या रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून डॉक्टर लोक असं लिहितात. आत्येभावाने ते मोबाईलवर शोधलं आणि घरी जाऊन आत्याचं ताट, वाटी, पेला सगळं वेगळं केलं, नातवाला तिच्या खोलीत जाऊ देईनात. पण आर/ओ म्हणजे रूल आऊट, म्हणजे 'हे नाही ना, एवढी खात्री करून घ्या'. निदान झालेलंच नव्हतं. रिपोर्टमध्ये टीबी निघाला नाही, पण ते ९ दिवस आत्या विसरलेली नाही, अजून जेवायला बसताना म्हणते माझं ताट कुठलं. आणि टीबी निघाला असता तरी तो ताटवाटीतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो, तेव्हा तोंडाला रुमाल आणि उघडी खिडकी उपयोगाची असते. आजाराच्या नावाआधी प्रश्नचिन्ह असेल तर तोही नुसता संशयच असतो.

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आता कोरोनापासून बहुतेकांना कळतं, ज्याची टेस्ट केली ते सापडलं की पॉझिटिव्ह. पण 'नॉन-रिॲक्टिव्ह' दिसलं की अजूनही चेहरे पडतात, तर त्याचाही अर्थ नाही सापडलं असाच आहे. सोनोग्राफीत 'अनरिमार्केबल' लिहिलं असेल तर ते नॉर्मल म्हणून लिहिलंय.

पांढऱ्या पेशी नव्हे, प्लेटलेट

पावसाळा सुरू झाला आणि डेंग्यू आला की पुण्यात घरोघरी एकच वाक्य, "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात." बोलायचं असतं प्लेटलेटबद्दल. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात आणि जंतूंशी लढतात, प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख असतात आणि रक्त गोठवायला मदत करतात. आता समजा गावाहून मुलगा फोनवर डॉक्टरांना सांगतोय "पांढऱ्या पेशी ४०,००० आहेत", तर ऐकणाऱ्याला वाटणार पेशी भयंकर वाढल्यात, आणि खरं तर प्लेटलेट खाली आलेत. अगदी उलटी गोष्ट. म्हणून फोनवर आकडा सांगत बसू नका, कागदाचा पूर्ण फोटो पाठवा. एककाचंही बघा, काही लॅब '१.५ लाख' छापतात, काही नुसते '१५०' छापून बाजूला हजार लिहितात, दोन्ही एकच.

शिवाय सगळं लक्ष त्या आकड्याकडे आणि पेशंटकडे कुणाचंच नाही असं होतं. ताप उतरला म्हणजे बरं झालं असं डेंग्यूत समजू नका, धोक्याचे दिवस बरेचदा तेव्हाच सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, लघवी कमी, यातलं काही दिसलं तर प्लेटलेट किती का असेना, दवाखाना गाठा. आणि अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढला?

हा गैरसमज मला वाटतं सगळ्यात जास्त बायकांना महागात पडतो. टीएसएच हा हार्मोन थायरॉईड ग्रंथीतून येतच नाही, तो डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. कामगार सुस्तावला की मुकादम जास्त ओरडतो ना, तसं थायरॉईड कमी काम करायला लागली की टीएसएच वाढतो. म्हणजे आकडा वर, काम खाली. एका ताईंनी "आधीच वाढलाय, त्यात थायरॉईडची गोळी कशाला" म्हणून दोन महिने गोळी बंद ठेवली होती, थकवा, सूज, केस गळणं चालूच. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना सोडायची ना वाढवायची.

हृदयाचंही असंच. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. फाईलवर हार्ट फेल्युअर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हृदयाचा पंप कमजोर झालाय, त्यावर औषधं आहेत आणि माणसं वर्षानुवर्षं नीट जगतात. टूडी एकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) ईएफ, म्हणजे एका ठोक्यात हृदय किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा, ६० टक्के बघून "४० टक्के हृदय गेलं" असं समजणारे बरेच भेटतात, पण निरोगी हृदयही एका ठोक्यात सगळं रक्त बाहेर टाकत नाही, ५५ ते ७० टक्के नॉर्मलच धरतात. आणि स्ट्रोक हा मेंदूचा असतो, हृदयाचा नाही. तोंड वाकडं, एक हात उचलेना, बोलणं अडखळतंय असं दिसलं की घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मणक्यात 'गॅप' आलाय म्हणतात तिथे बहुतेक वेळा गॅप कमी झालेला असतो, गादी झिजलेली किंवा बाहेर आलेली असते. म्हणून घरगुती उपायाने गॅप 'भरायला' जाऊ नका.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, हातापायातली ताकद जाते) पेशंट वाढले तेव्हा लोक विचारायचे, शेजारी पेशंट आहे, मास्क देता का? जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. आधी एखादा जंतुसंसर्ग होतो आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. पण दूषित पाणी किंवा अन्नातून तो आधीचा जंतू पसरू शकतो, म्हणून पाणी उकळून पिणं बरोबरच होतं. मास्कपेक्षा ते कितीतरी महत्त्वाचं.

डॉक्टरांसमोर आपण हो हो म्हणतो आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारतो, काय म्हणाले गं? तिथेच बसल्या बसल्या म्हणा, "मी सांगतो मला काय समजलं, चुकलं तर सांगा." आणि ते राहिलं तर मेडिकलमध्ये विचारा, सांगायला आम्हाला आवडतं. फक्त संध्याकाळी ७ ते ९ गर्दी असते, दुपारी ३ च्या सुमाराला आलात तर निवांत बोलता येतं, आणि येताना जुनी चिठ्ठी आणि चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा.