पेन टॅब्लेट आणि हलका लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

पेन टॅब्लेट म्हणजे लॅपटॉपला जोडून पेनने लिहायची, चित्रं काढायची पाटी. लातूरचे क्लासवाले सर असोत की परभणी-नांदेडचे लग्नाचे अल्बम करणारे स्टुडिओवाले, "टॅब्लेट खराब निघाला" ही तक्रार ठरलेली. बहुतेक वेळा टॅब्लेट ठणठणीत असतो.

लातूरच्या फिजिक्सच्या एका सरांचा रात्री फोन आला. "वर्तुळ काढतोय, अंडं उमटतंय. सकाळी सातला बॅच आहे." दुकानदाराने टॅब्लेट बदलून घ्यायला सांगितलं होतं. जाऊन पाहिलं तर लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडलेला आणि पडदा 'एक्स्टेंड'वर, म्हणजे दोन्ही पडदे मिळून एकच लांबलचक पडदा. टॅब्लेटची जागा दोन्ही पडद्यांवर मिळून ताणली गेलेली, त्यामुळे आडवी रेघ दुप्पट लांब. ड्रायव्हरच्या (टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मॅपिंगमध्ये, म्हणजे टॅब्लेट कुठल्या पडद्याला जोडायचा त्या सेटिंगमध्ये, एकच पडदा निवडायचा आणि प्रमाण कायम ठेवण्याच्या खुणेवर टिचकी मारायची, एवढंच काम. पण सेटिंग टिकेना, पेनचा दाबही कळेना. शोधलं तर आधीच्या, दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर तसाच बसलेला. दोन्ही काढले, मशीन रीस्टार्ट केलं, कंपनीच्या साइटवरून एकच नवा टाकला. वर्तुळ गोल झालं.

नवा टॅब्लेट लावला की मी आधी त्यावर बरणीचं प्लास्टिकचं झाकण ठेवून भोवती पेन फिरवतो. पडद्यावर गोल आला तरच पुढचं काम. स्टीलची वाटी नको, धातूमुळे पेनचा सिग्नल बिघडू शकतो. ड्रायव्हर कुठल्याही साइटवरून किंवा मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका. पाच मिनिटं वाचवायला जाता आणि अख्खी संध्याकाळ घालवता.

दुसरी चूक लॅपटॉपची. दुकानात एका हाताने उचलून बघायचा, "किती हलका!" म्हणायचं आणि पैसे मोजायचे. अशा बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. चित्रं किंवा अल्बम करायचे असतील तर १६ जीबीच्या खाली उतरू नका, त्यासाठी स्टोरेज कमी घ्यावं लागलं तरी चालेल. फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवता येतात, रॅम बाहेरून लावता येत नाही. मॅकबुक एअरसारख्या मशीनला पंखाच नसतो, आणि ॲपल ते ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी मशीन तापलं की ते स्वतःच वेग कमी करतं, रेघ पेनच्या मागे रेंगाळते आणि दोष टॅब्लेटला लागतो. मोठं काम सकाळीच उरका, लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

स्वतःचा पडदा असलेला टॅब्लेट एकाच टाइप-सी केबलवर चालवायचा असेल तर लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर जातं का, हे आधी विचारा. सगळ्याच टाइप-सी पोर्टमधून जात नाही. मोबाइलच्या चार्जरची केबलही चालेलच असं नाही.

पेन किती जोराने दाबलं हे ओळखणाऱ्या ८१९२ पातळ्या वाचून भाळू नका, सुरुवातीला ४०९६ सुद्धा भरपूर.

नवशिक्यांनो, दोन दिवसांत हात बसत नाही म्हणून टॅब्लेट विकायला काढू नका. आठवडाभर माऊस बाजूला ठेवा, नजर पडद्यावर ठेवून बाराखडी गिरवा.

पेनची निब, म्हणजे टोक, एका बाजूने चपटी होऊन टोचायला लागली की लगेच बदला, नाहीतर टॅब्लेटवर ओरखडे उठतात. जादा निबा बहुधा खोक्यातच असतात, खोका फेकू नका.