बुकमार्कलेट करायला घेताय? टक्क्याच्या चिन्हाकडे नीट बघा

बुकमार्कलेट म्हणजे पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्ट कोड ठेवलेला बुकमार्क; क्लिक केलं की तो कोड उघड्या पानावर चालतो. कन्सोलमध्ये (ब्राउझरमधली कोड चालवून बघायची खिडकी) झकास चालणारा कोड बुकमार्कमध्ये टाकला की मुका होतो, आणि बहुतेक नवीन मंडळी तिथेच हात टेकतात. पानावरची अक्षरं खाली गळवायची, कर्सरमागे ठिणग्या सोडायच्या, क्लिक केलं की चित्रांना उड्या मारायला लावायच्या, यातलं गणित फारसं अवघड नाही. रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम (दर फ्रेम रंगवण्याआधी तुमचं फंक्शन बोलावणारी ब्राउझरची सोय) आणि शाळेतली साइन-कोसाइन एवढ्यावर भागतं. जीव जातो तो हे सगळं एका पत्त्यात बसवताना. अजूनही नवीन बुकमार्कलेटवर पहिलं क्लिक करताना माझ्या पोटात गोळा येतो.

नेहमीच्या दोन गोष्टी आधी उरकतो. ब्राउझर पत्त्यातल्या नव्या ओळी काढून टाकतो, त्यामुळे दोन तिरक्या रेघांची कॉमेंट राहिली तर तिच्यानंतरचा सगळा कोड कॉमेंटमध्ये जातो. सेमिकोलन गाळायची सवय असेल तर तीही इथे नडते. दुसरं, कोडची शेवटची किंमत स्ट्रिंग निघाली तर ब्राउझर पान पुसून तीच स्ट्रिंग दाखवतो. पानाची पार्श्वभूमी लाल करायला जाता आणि कोऱ्या पानावर फक्त रंगाचं नाव उरतं, ते यामुळे. सगळा कोड स्वतःच चालणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळा आणि त्यातून काही रिटर्न करू नका. विषय संपला.

आता खरा सापळा. हा भाग सावकाश वाचा.

इंद्रधनुष्यी ठिणग्यांसाठी आपण एचएसएल ही रंग सांगायची पद्धत वापरतो. त्यातला ह्यू, म्हणजे रंगछटा, ३६० अंशांत फिरतो, म्हणून कोडमध्ये आपण रंग % ३६० असं लिहितो, म्हणजे ३६० ने भागून उरणारी बाकी. मिनिफायर (कोड आटोपशीर करणारं साधन) मोकळ्या जागा खातो आणि उरतं रंग%३६०. कन्सोलला यात काही वावगं वाटत नाही. पण बुकमार्कलेट हा पत्ता आहे, आणि पत्त्यात टक्क्यामागे दोन हेक्स आकडे (० ते ९ किंवा ए ते एफ) आले की ते एका अक्षराची खूण ठरतात. कोड चालवण्याआधी ब्राउझर ती खूण उलगडतो. %३६ म्हणजे ६ हा आकडा. म्हणजे रंग%३६० चं झालं रंग६०. मग एरर येते की रंग६० नावाचं काही डिफाइनच केलेलं नाही. तुम्ही अख्खी फाइल पालथी घालता, आणि रंग६० कुठेच सापडत नाही, कारण ते तुम्ही लिहिलेलंच नसतं.

तरी ही एरर म्हणजे उपकारच. %२० त्याहून वाईट. दर विसाव्या फ्रेमला एक ठिणगी हवी म्हणून फ्रेम%२०===० अशी अट घातली, तर %२० ची होते मोकळी जागा आणि उरते फ्रेम ===०. अट शुद्ध आहे, एरर नाही. मोजणी शून्यापासून असेल तर पहिल्या फ्रेमला एक ठिणगी उडते आणि पुढे सगळं शांत. मग तुम्ही टायमर तपासता, कॅनव्हास (पानावर चित्र रंगवायचा घटक) तपासता, स्वतःच्या डोक्यावर शंका घेता. डोकं ठीक आहे तुमचं. %७ मात्र सुखरूप राहतो, कारण मागे एकच आकडा आहे. त्या ७ चे ७० केलेत की मोडलं.

उपाय सोपा आहे. पूर्ण कोड एनकोड-यूआरआय-कंपोनंट या जावास्क्रिप्टच्या तयार फंक्शनमधून काढा. प्रत्येक टक्क्याचं %२५ होतं आणि उलगडताना तो परत टक्का होतो. फक्त सुरुवातीचं 'जावास्क्रिप्ट' आणि त्यापुढचा कोलन त्यातून काढू नका. कोलनचंही एनकोडिंग झालं तर हा कोड आहे हेच ब्राउझरला कळत नाही. सेव्ह केल्यावर बुकमार्कचा पत्ता परत कॉपी करून डीकोड करा आणि मूळ कोडशी ताडून पहा. पहिली काही बुकमार्कलेट्स तरी हे हाताने करा. तयार जनरेटर वाईट नसतात, पण त्यांच्यावर सुरुवात केलेल्याला मोडलेलं दुरुस्त करता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अनुभवी लोक सल्ला देतात की कोड सर्व्हरवर ठेव आणि बुकमार्कलेटने तो फक्त ओढून आण. नवख्याने हे ऐकू नये. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची हे ठरवणारे साइटचे नियम) कडक असेल तर बाहेरची स्क्रिप्ट अडते. शिवाय त्या सर्व्हरवरचा कोड उद्या कोणी बदलला, तर तुम्ही लॉगिन असलेल्या पानावर तो तुमच्याच अधिकाराने चालेल. याच कारणासाठी दुसऱ्याने दिलेलं बुकमार्कलेट डीकोड करून वाचल्याशिवाय क्लिक करू नका. यात भिडस्तपणा नको. चांगला गुरू तुम्हाला कोड देण्याआधी तो वाचायला लावतो.

इफेक्टसाठी पानभर फिक्स्ड कॅनव्हास टाका आणि त्याचे पॉइंटर-इव्हेंट्स (माउस-क्लिक पकडणं) बंद ठेवा. मग खालच्या लिंका चालू राहतात, आणि एलिमेंट-फ्रॉम-पॉइंटला (दिलेल्या बिंदूवरचा घटक सांगणारं फंक्शन) कॅनव्हासऐवजी त्याखालचा घटक सापडतो. ठिणगी नेमकी कोणत्या शब्दावर आदळली हे कळलं की खरी मजा सुरू होते! नवीन घटक इनर-एचटीएमएलने (एचटीएमएलची स्ट्रिंग थेट पानात घालून) न टाकता क्रिएट-एलिमेंटने बनवा, कारण ट्रस्टेड टाइप्स (अशा कच्च्या स्ट्रिंग नाकारणारा सुरक्षेचा नियम) सक्तीचे असलेल्या पानांवर इनर-एचटीएमएल अडतं.

लोक दुसऱ्यांदा क्लिक करणारच, हे धरून चला. विंडोवर एक खूण ठेवा. ती सापडली तर फ्रेम थांबवा, लिसनर काढा, कॅनव्हास काढा आणि बदललेल्या स्टाइल्स पूर्ववत करा. नाहीतर दोन लूप एकाच वेळी धावतात आणि पान अडखळायला लागतं. ज्यांनी सिस्टिममध्ये हालचाल कमी ठेवली आहे त्यांच्यासाठी प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन तपासा. पडदा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणार असेल तर तो इफेक्ट टाकूनच द्या, काहींना त्याने फिटचा झटका येऊ शकतो.

आणि ब्राउझरच्या सेटिंग्जच्या पानावर तुमचं बुकमार्कलेट चाललं नाही तर कोडमध्ये चूक शोधू नका. तिथे ते कोणाचंच चालत नाही. साध्या मजकुराच्या पानावर चालवून पहा, मग भरपूर आयफ्रेम्स (पानात बसवलेली दुसरी पानं) असलेल्या पानावर. आयफ्रेमच्या आतली अक्षरं हलली नाहीत तर तेही अपेक्षितच आहे, कारण कोड बाहेरच्या पानावर चालतो.