ताकदवान आलिशान एसयूव्ही मुंबईत घ्यावी का? सही करण्याआधीचा हिशेब

दीड-दोन कोटींच्या वरची एसयूव्ही वाईट निघेल, ही भीती फारशी बाळगू नका. ऑडी आरएस क्यू८, पोर्शे कायेन टर्बो, बीएमडब्ल्यू एक्सएम, मर्सिडीज-एएमजी जी ६३, लॅम्बोर्गिनी उरुस या सगळ्या उत्तम गाड्या आहेत. विचार करायचा तो फरकाचा. त्याच घराण्यातली साधी आवृत्ती आणि ही ताकदवान आवृत्ती यांच्यात जे पैसे जास्त जातात, त्यांचं मुंबईत तुम्हाला नेमकं काय मिळणार?

ऑडीचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये नवी क्यू८ १.१७ कोटींना आली. ३४० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), ताशी ० ते १०० ला ५.६ सेकंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये आरएस क्यू८ परफॉर्मन्स २.४९ कोटींना आली. ६४० पीएस, ३.६ सेकंद. दोन्ही एक्स-शोरूम किमती. सप्टेंबर २०२५ पासून एसयूव्हीवरचा जीएसटी सेससह ५० टक्क्यांवरून ४० वर आल्याने आकडे बदलले, पण दरी तशीच मोठी राहिली. सुरुवातीच्या किमती धरल्या तर दोन सेकंदांसाठी १.३२ कोटी. अर्थात त्यात मोठे ब्रेक येतात, व्ही८ इंजिन येतं, अंग न झुकवता वळण घेणारं सस्पेन्शन येतं. हे तुम्ही वापरणार असाल तर पैसे वाया जात नाहीत.

कुठे वापराल, ते आधी कागदावर लिहा. कोस्टल रोडवर ताशी ८० ची मर्यादा, बोगद्यात ६०. वांद्रे-वरळी सी लिंकवर ८०. अटल सेतूवर आणि पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात १००, घाटात त्याहून बरीच कमी. समृद्धीवर १२०. कायद्यात राहून ताकद जाणवते ती टोल ओलांडल्यावर, ओव्हरटेक करताना आणि चढावर, तीही काही सेकंदच. महिन्यातून दोनदा लोणावळा-महाबळेश्वर किंवा नाशिककडे स्वतः चालवत जाणाऱ्याला ती सेकंदं मोलाची वाटतील. रोज वरळी ते बीकेसी ड्रायव्हर चालवणार आणि तुम्ही मागे बसणार असाल, तर साध्या आवृत्तीची मऊ बैठक तुम्हाला जास्त सुख देईल. ताकदवान गाडीचं सस्पेन्शन कम्फर्ट मोडमध्येही सहसा जास्त कडक असतं.

पार्किंग मोजल्याशिवाय बुकिंग नको

मुंबईत सर्वांत जास्त फजिती इथे होते. इमारतीतली मोठी पार्किंगची जागा २.५ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब धरतात, छोटी २.३ बाय ४.५. उरुसची रुंदी आरसे सोडून २.०२ मीटर, लांबी ५.११. एक्सएमही जवळपास तेवढीच. २.५ मीटरच्या जागेत गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना पाव मीटरसुद्धा उरत नाही, दार उघडून बाहेर पडणं अवघड. म्हणजे शेजारची जागा मोकळी किंवा तुमचीच असायला हवी, नाहीतर खांबाच्या बाजूला सरकून रोज एकाच दारातून चढ-उतार करावी लागेल. छोट्या जागेचा विचारच सोडा.

स्टॅक किंवा पझल पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं यांत्रिक पार्किंग) असेल तर पॅलेटवर, म्हणजे गाडी उभी राहते त्या लोखंडी पाटावर, लिहिलेलं वजन वाचा, उंची मोजा, आणि चाकांच्या दोन कडांमधलं अंतर बघा. सेडानसाठी बसवलेली पॅलेट दोन टनांच्या आसपास असतात. एक्सएमचं वजन २.७ टन आहे, उरुस एसई अडीच टनांच्या पुढे, त्यात माणसं आणि सामान वेगळं. शिवाय रुंद टायर पॅलेटच्या लोखंडी कडेला घासून रिमवर चरे पडतात, आणि २३ इंची रिमची दुरुस्ती स्वस्त नसते. सोसायटीकडून पॅलेटची क्षमता लेखी घ्या, वॉचमनच्या अंदाजावर जाऊ नका. मग डेमो गाडी स्वतःच्या रॅम्पवर आणायला सांगा. पुढच्या बंपरची खालची कड घासते का आणि वळण एकाच दमात निघतं का, हे तिथेच कळतं. मागची चाकंही वळणारी गाडी असेल तर फरक लगेच दिसेल. मुंबईसाठी या गाड्यांमधली सर्वांत उपयोगी सोय तीच आहे, ऑप्शनमध्ये मिळत असेल तर घ्याच.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे एक्सएम किंवा उरुस एसई, घेत असाल तर तुमच्या ठरलेल्या जागेपर्यंत स्वतःच्या मीटरची लाइन येते का, हे आधी पक्कं करा. ७.४ किलोवॉटच्या चार्जरवर एक्सएम चार-साडेचार तासांत भरते. चार्जिंगच नसेल तर बॅटरीचं ओझं फुकट वाहाल.

पाच वर्षांचा हिशेब

शोरूमवाले महिन्याचा हप्ता सांगतात, तुम्ही पाच वर्षांचा एकूण खर्च मांडा. समजा, गाडी २.३० कोटी एक्स-शोरूम. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १५, आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २०. कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली, त्यामुळे २० टक्केवाल्या गाडीला दीड कोटींच्या पुढे ३० लाखच लागतात. १ टक्का टीसीएस (विक्रेता तुमच्याकडून आगाऊ घेतो तो आयकर) विवरणपत्रात वळता होतो, त्याला खर्च धरू नका. कंपनीच्या नावावर घेतल्यास घसारा आणि व्याज खर्चात दाखवता येतं, पण जीएसटीचं इनपुट क्रेडिट प्रवासी गाडीवर सहसा मिळत नाही. 'जीएसटी परत मिळेल' असं कोणी म्हणालं तर आधी सीएला विचारा.

दीड कोटींचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ३.११ लाख आणि एकूण व्याज जवळपास ३७ लाख. विम्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीचा घसारा ५० टक्के धरतात. तोच धरला तर १.१५ कोटी गेले. घसारा, टॅक्स (सुमारे ३० लाख) आणि व्याज मिळून १.८२ कोटी, म्हणजे महिना तीन लाखांच्या वर. पन्नास हजार किलोमीटर फिरवलीत तर किलोमीटरला ३६० रुपयांहून जास्त, आणि यात विमा, सर्व्हिस, टायर नाहीत. पेट्रोलची धास्ती बहुतेकांना असते, पण शहरात लिटरला ५ किलोमीटर आणि वर्षाला १० हजार किलोमीटर धरले तरी ते दोन लाखांच्या आसपास बसतं. खरा पैसा घसाऱ्यात जातो. म्हणूनच वर्षभरात ४-५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याने नव्या गाडीऐवजी तीन वर्षं जुनी, कंपनीच्या वॉरंटीतली गाडी बघावी.

पूर्ण आयात होणाऱ्या ब्रिटिश गाड्यांबद्दल एक सावधगिरी. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या आणि त्यात ठरावीक कोट्यातल्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरण्याची तरतूद आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमत त्याच दिवशी पडते. अ‍ॅस्टन मार्टिन डीबीएक्स किंवा बेंटली बेंटायगा घेताना पुढे विकून मिळणाऱ्या किमतीचा अंदाज आणखी कमी धरा.

चाकं, खड्डे, पाणी

३२५/३० आर२३ टायरची बाजूची भिंत जेमतेम साडेनऊ-दहा सेंटिमीटर असते, २७५/४५ आर२१ ची बारा सेंटिमीटरच्या वर. जुलैतल्या खड्ड्यात हा अडीच सेंटिमीटरचा फरक टायर फुगणं आणि वाचणं यातला फरक ठरतो. कंपनी लहान रिम देत असेल तर तीच घ्या, फोटोत कमी देखणी दिसली तरी. पुढच्या-मागच्या टायरचा भाव आणि मुंबईतला साठा सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. टायर परदेशातून यायचा असेल तर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. वजन कमी होईल म्हणून कार्बन-सिरॅमिक ब्रेक घेऊ नका, शहराच्या वेगात त्यांचं काम पडत नाही आणि बदलण्याचा खर्च फार मोठा आहे.

विम्यात झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन, टायर कव्हर आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) ही चार कव्हर बघा. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन किंवा अंधेरी सबवेला गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दबत नाही, रॉड वाकतात, आणि इंजिन प्रोटेक्शन नसेल तर दावा नाकारला जातो. उंच दिसते म्हणून गाडी पाण्यातून जाईल असं समजू नका, किती खोलीपर्यंत चालते ते मॅन्युअलमध्ये वाचा. टाकीच्या झाकणाआतलं लेबलही वाचा. बरीच इंजिनं किमान ९५ ऑक्टेन मागतात, आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, तेव्हा ते चालतं का हे तिथे किंवा कंपनीच्या पत्रात लेखी दिसायला हवं.

जुनी घेताना

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाचा डाग आहे का बघा, सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालचे कनेक्टर तपासा. एअर सस्पेन्शन सर्वांत वर चढवून रात्रभर ठेवा, सकाळी चारही चाकांच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेपने मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर एअर स्प्रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतोय, आणि ती हवा भरून काढताना कॉम्प्रेसरही झिजतो. वरळी, कार्टर रोडसारख्या समुद्रालगत उभ्या राहिलेल्या गाडीचं खालचं लोखंड लिफ्टवर चढवूनच बघा. टायरवरच्या चार अंकी कोडमधून, उदाहरणार्थ २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा, टायरचं वय कळतं. स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलचे एरर कोड काढा, फक्त इंजिनचे नव्हे.

नंबर दुसऱ्या राज्याचा असेल, विशेषतः पुदुच्चेरी, दमण किंवा झारखंड, तर किंमत का कमी आहे ते ओळखा. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते, आणि इथला टॅक्स नव्या मालकाच्या माथी येतो. फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क खात्याचा आयातीचा कागद), आणि थकलेली सगळी चलनं भरल्याच्या पावत्या, हे हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.