अलिबागला बंगला घ्यावा की हॉटेल?

आधी डोकी मोजा. दोघांसाठी हॉटेलच बरं. सहाच्या पुढे बंगल्याचा विचार करा. पण नुसता भाड्याचा आकडा बघू नका. समजा आठ जण, दोन रात्री. बंगला रात्रीला १४,००० म्हणजे २८,०००, वर साफसफाईचे १,५००. नाश्ता माणशी १५० धरला तर आणखी २,४००. झाले ३१,९००. हॉटेलच्या चार खोल्या ४,००० दराने ३२,००० आणि ५ टक्के जीएसटी धरून ३३,६००, बहुतेकदा नाश्त्यासकट. फरक फक्त १,७०० रुपयांचा! आठातले दोघे गळाले की हॉटेलची एक खोली कमी होते; बंगल्याचं भाडं तेवढंच राहतं.

बंगल्याच्या मालकाला फोनवर नेमकं विचारा: लाइट गेली तर जनरेटर आहे की नुसता इन्व्हर्टर? इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, एसी सहसा नाही. मे महिन्यात रात्रभर घामाघूम व्हाल. पाणी विहिरीचं की टँकरचं? गिझर किती लिटरचा? पंधरा लिटरमध्ये आठ जणांच्या आंघोळी लागोपाठ होत नाहीत. स्वयंपाकघर वापरू देतात का, सिलेंडर कोणाचा, मासे चालतात का? डिपॉझिट कधी परत मिळणार, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पोहोचताच फुटक्या-तुटक्या वस्तूंचा व्हिडिओ काढा, नाहीतर निघताना तडा गेलेल्या काचेवरून वाद होतो.

सोबत आजी-आजोबा असतील तर तळमजल्यावर खोली आणि कमोड आहे ना, एवढं आधी बघा.