कामावर गाडी चालवणाऱ्यांची नजर कशी तपासावी

"नीट दिसतं ना?" असं चालकाला विचारून भागत नाही. नजर इतकी हळूहळू उतरते की ज्याची उतरते त्यालाच कळत नाही, धूसर दिसणं अंगवळणी पडतं. म्हणून कामावर घेताना आणि पुढे दर दोन वर्षांनी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी, पडद्याच्या तपासणीसह. जे स्वतःच्या गाडीने ऑफिसच्या कामाला जातात त्यांनाही यात धरा. नेमके तेच राहून जातात.

तक्त्यावर ६/१२ आलं म्हणजे निकोप डोळा जे अक्षर १२ मीटरवरून वाचतो, त्यासाठी या चालकाला ६ मीटरवर यावं लागतं. रस्त्यावर हा हिशेब असा पडतो: ६/६ म्हणजे निकोप नजरेला १०० मीटरवरून वाचता येणारी पाटी याला ५० मीटरवर आल्यावर वाचता येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. म्हणजे साडेचार सेकंदांऐवजी हातात सव्वादोन सेकंद उरतात. पाटी समजणं, आरसा बघणं, ब्रेक दाबणं, सगळं तेवढ्यातच.

अधूनमधून जागेवरच करता येणारी चाचणी: टेपने २० मीटर मोजा आणि दिवसाउजेडी उभ्या गाडीची नंबरप्लेट वाचायला सांगा. गाडी चालवताना चष्मा लागत असेल तर तो लावूनच. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा झाकून. एक डोळा अधू असला तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे झाकल्याशिवाय ते उघड होत नाही.

पण तक्ता आणि नंबरप्लेट फक्त समोरची नजर दाखवतात. काचबिंदूत बहुधा आधी जाते ती बाजूची नजर, आणि रिकामी जागा मेंदू परस्पर भरून काढतो. बाजूने येणारा सायकलस्वार चालकाला 'अचानक' दिसतो. ढोबळ अंदाज घ्यायचा तर एक मीटरवर समोरासमोर बसा. त्याने उजवा डोळा झाकावा, तुम्ही डावा. त्याने तुमच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचं. दोघांच्या बरोबर मध्ये हात धरून, बोटं हलवत बाहेरून आत आणा. तुम्हाला दिसल्यावरही त्याला बराच वेळ दिसली नाहीत, तर यंत्रावर दृष्टिक्षेत्र तपासून घ्या. मात्र यात सगळं ठीक निघालं म्हणून काचबिंदू नाही असं धरू नका.

रात्रपाळीच्या चालकाला वेगळं विचारा: दिव्यांभोवती वलयं दिसतात का? समोरच्या हेडलाइटने दिपल्यावर सावरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का? ही मोतीबिंदूची लक्षणं असू शकतात. तपासणी होईपर्यंत त्याला दिवसाची फेरी द्या आणि पगार कापू नका. पगार कापला की पुढचा चालक त्रास लपवतो. पिवळ्या काचांचे 'रात्रीचे' चष्मे घेऊ नका, ते डोळ्यांत येणारा प्रकाश आणखी कमी करतात. त्यापेक्षा समोरची काच आतून पुसा. तिथला तेलकट थर प्रकाश पसरवतो.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील तर त्या दिवशी ड्यूटी नको. परिणाम कित्येक तास टिकतो. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला) असेल तर काही दिवस सरावाला द्या, कारण कडेने आरशात बघताना धूसर दिसतं. जाड काड्यांची फ्रेम टाळा. नंबरचा जादा चष्मा गाडीत ठेवा, पण डॅशबोर्डवर उन्हात नको, डबीत घालून कप्प्यात.